सत्यशीलाबाईंचा परिच्छेद

सत्यशीलाबाई वाचायला बसल्या की आमच्या विहारात माइक लावावा लागत नसे. भिलाईतल्या रिसालीच्या आमच्या गल्लीत विहाराच्या अगदी समोर वेल्डिंगचं दुकान आहे. दिवस मावळला तरी तिथला ग्राइंडर थांबत नाही. पण बाईंचं वाचन त्या खरखरीतूनही मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं. आवाज फार मोठा होता असं नाही. प्रत्येक शब्द त्या पूर्ण उच्चारत आणि मगच पुढच्या शब्दाला हात घालत.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्याकडे रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोणी कधी वाचायचं हे ठरवण्याचं काम कमिटीने माझ्यावर सोपवलं आहे. मी स्टील प्लांटच्या अकाउंट विभागातला. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. कोणाचा मुलगा नागपूरहून येणार, कोणाची सेकंड शिफ्ट, हे सगळं धरून नंबर लावावे लागतात. सत्यशीलाबाईंचा नंबर लावताना मात्र कधी अडचण आली नाही. ज्याला जमत नसेल त्याच्या जागी त्या बसायच्या. रोहिणी नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांत भांडण पेटतं, तो भाग तर दर वर्षी त्यांचाच. तो दुसऱ्या कोणी वाचला तर लोकांना ऐकल्यासारखंच वाटत नसे.

या बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. माहेर लाखांदूरकडचं. लग्न होऊन भिलाईला आल्या तेव्हा त्यांना सही करता येत नव्हती. नवरा पंजाबराव रामटेके रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला. मिलचे मालक बदलले, ठेकेदार बदलले, पंजाबराव शेवटपर्यंत ठेकेदाराचाच माणूस राहिला. सत्यशीलाबाई एका खाजगी शाळेत आया म्हणून लागल्या. लहान वर्गाच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं आणि पोरांना नळावर न्यायचं, एवढंच काम. दारात बसून त्यांनी ऐकलेलं, घरी येऊन मुलीच्या पहिलीच्या पुस्तकात शोधलं. मुलगी प्रेरणा हिंदी माध्यमात, त्यामुळे बाई आधी हिंदी वाचायला शिकल्या. विहारात पहिल्यांदा मराठी ग्रंथ हातात आला तेव्हा ‘ळ’ हे अक्षर पाहून त्यांनी मला विचारलं होतं, “भाऊ, हे कोनतं? आमच्या प्रेरणाच्या पुस्तकात हे नव्हतं.”

विहारात बसण्याची आमची एक रीत पडून गेली आहे. ती कोणी ठरवलेली नाही. प्लांटमधून रिटायर झालेली मंडळी पुढे, भिंतीकडेला खुर्च्यांवर. गुडघे गेलेले असतात. ठेक्यावर काम करणारे, घरकाम करणाऱ्या बाया, नुकतेच गावाकडून आलेले लोक मागे, दाराजवळ सतरंजीवर. सत्यशीलाबाई दाराजवळच्या. पण वाचायची वेळ झाली की त्या उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि सगळ्यांच्या समोर, ग्रंथाच्या चौरंगापाशी येऊन बसायच्या. मग खुर्चीवरचे फोरमन आणि चार्जमन मान खाली घालून त्यांचं ऐकायचे. वाचन म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं, हे त्या उठून पुढे येण्यात दिसायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, सकाळी पाणी भरताना बाई पक्षाघाताचा झटका येऊन नळाजवळ पडल्या. पंजाबरावाने ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. उजवा हात थोडा कमजोर राहिला. पण बोलणं गेलं. गेलं म्हणजे आवाज होता, समजत सगळं होतं, हवा तो शब्द मात्र तोंडाशी येत नव्हता. टॉवेल हवा असला की ‘खिडकी’ निघायचं. मग चूक झाल्याचं त्यांनाच कळायचं आणि त्या कपाळावर हात मारायच्या.

पंजाबराव मदत करायला धावायचा.

“खिडकी लावू? उघडू? हवा पाहिजे तुले? पंखा लावतो.”

“नाही... नाही... ते... मेल्या!”

“पाहा भाऊ,” तो मला सांगायचा, “टावेल म्हनता येत नाही, पन मेल्या बराबर निघते.”

यावर बाई हसायच्या. हसणं पूर्वीसारखंच होतं.

बाहेर हसण्यासारखं काही नव्हतं. रेशनच्या दुकानात त्या स्वतः उभ्या असताना दुकानदार पंजाबरावाला विचारायचा, “माताजी को समझ में आता है क्या?” बँकेत एकदा कोणीतरी म्हणालं, “घर से किसी होशवाले को लाइए.” भाजीवाल्याने ‘भेंडी’ शब्दाची वाट न पाहता पिशवीत वांगी टाकली. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. पण शब्द अडला की अक्कलही अडली, असं लोक धरून चालतात. रस्त्यावर कोणी काठी घेऊन चालत असेल तर गाडीवाला थांबतो, कारण काठी दिसते. बाईंची काठी दिसायची, पण शब्दाचं अडणं कोणाला दिसत नव्हतं.

आमच्या विहाराची माया मात्र पातळ झाली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. बायांनी आळीपाळीने वरण-भात पोचवला. कमिटीचे अध्यक्ष शेषराव खोब्रागडे यांनी दवाखान्यात न्यायला स्वतःची स्कूटर दिली. हे शेषराव प्लांटमध्ये क्रेनचे सिग्नलवाले होते. मिलच्या गडगडाटात खाली उभं राहून हाताच्या खुणांनी वरच्या क्रेनवाल्याला सांगायचं: उचल, सोड, थांब. तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्या कानांची वाट लागली होती. पण हे ते कबूल करत नसत. उलट “तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता” असं म्हणून स्वतः गल्लीभर ऐकू जाईल असं बोलत.

वैशाख पौर्णिमेला पंजाबराव बाईंना विहारात घेऊन आला. वंदना सुरू झाली. एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. आणि दाराजवळून एक ओळखीचा, स्वच्छ आवाज येऊ लागला. सत्यशीलाबाई त्रिशरण म्हणत होत्या, पंचशील म्हणत होत्या. एकही शब्द अडला नाही. बायांनी मागे वळून पाहिलं. कोणी डोळ्याला पदर लावला.

शेषराव खुर्चीतून उठलेच. “ताई बऱ्या झाल्या! बस. यंदा वर्षावासाची सुरुवात सत्यशीलाताईच करतीन. डोंगरे भाऊ, नंबर लावा!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नंबर लावला. बाई काहीतरी सांगू पाहत होत्या, हात हलवत होत्या. पण टाळ्यांत ते कोणाला कळलं नाही.

आषाढ पौर्णिमेला विहार भरलेलं होतं. बाई पांढरं लुगडं नेसून आल्या, चौरंगापाशी बसल्या, पान उघडलं. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्यावर त्या थांबल्या. ओठ हलत होते, बोट त्या शब्दावर टेकलेलं होतं. मग आमच्या लोकांनी तेच केलं जे फक्त आमचेच लोक करू शकतात. दर वर्षी तोच ग्रंथ ऐकून तो सगळ्यांना अर्धा पाठ झालेला आहे. पुढच्या ओळीतून कोणीतरी हळूच शब्द सुचवला. बाईंनी मान हलवली आणि पुढे गेल्या. पुन्हा अडल्या. या वेळी चार जणांनी सुचवला. त्यानंतर शेषराव स्वतःच्या पुस्तकात बोट ठेवून मोठ्याने म्हणू लागले, बायांनी साथ दिली, आणि पाहता पाहता सगळं विहार एका सुरात वाचू लागलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण ताईंना सांभाळून घेतो आहोत.

मध्ये एकदा सगळे ‘पानी, पानी’ असं सुचवू लागले, तेव्हा मागून कोणीतरी खरोखरच पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आलं.

बाईंनी तो ग्लास घेतला. चौरंगावर ठेवला. ग्रंथ मिटला, त्यावर कपाळ टेकलं आणि काठी घेऊन निघून गेल्या. लोक वाचतच होते. परिच्छेद संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वाचणारी जागेवर नाही.

दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली. वंदना घडाघडा म्हनता येते, मंग वाचता कावून येत नाही? मनावर घेत नसन. सवय तुटली असन. शेषरावांचं मत पडलं की ताईंना आता त्रास देऊ नये. दर पौर्णिमेला दीप त्यांच्या हातून लावावा, पुढे एक खुर्ची कायमची ठेवावी. मी हे सांगायला घरी गेलो. बाईंनी नुसती मान हलवली.

“माझं... नाव...” त्यांनी हवेत आडवी रेघ ओढली.

“काढून टाका म्हनते,” पंजाबराव म्हणाला. या वेळी त्याचं बरोबर होतं.

श्रावण लागला तरी बाई विहारात आल्या नाहीत. त्यांना न्यायला-आणायला येणारी सिंधुताई, जी प्लांटच्या सेक्टरमधल्या बंगल्यांत धुणीभांडी करते आणि त्यांच्याच शेजारी दाराजवळ बसते, तीही एकटीच येऊ लागली. “लय समजावून राहिली मी,” ती म्हणायची, “पन दार लावून घेते जी.”

पंजाबरावाच्या घराला लागून तेजराम लांजेवारांचं घर आहे. हे साकोलीकडचे शेतकरी घराण्यातले लोक, तेजराम प्लांटमध्ये नोकरीला. त्यांची मुलगी हर्षा रायपूरला स्पीच थेरपीचं शिक्षण घेऊन नुकतीच परतली होती आणि दुर्गच्या एका क्लिनिकमध्ये लागली होती. नागपंचमीचे कानोले, म्हणजे उकडलेल्या करंज्या, द्यायला ती शेजारी गेली आणि पंजाबराव आपल्या बायकोची वाक्यं पुरी करताना तिने ऐकलं. त्या दिवशी मीही तिथे होतो.

“काका, एक मिनिट रुको ना,” ती म्हणाली. “काकूले बोलू द्या.”

“अवं, तिले बोलता येत नाही म्हनून तं मी—”

“येते ना. टाइम लागते, बस.”

ती बाईंच्या समोर खाली बसली. “काकू, मी घाईत नाही. तुमी सांगा.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे, मग ताटाकडे. बराच वेळ गेला. पंजाबरावाने दोनदा तोंड उघडून मिटलं. शेवटी बाई म्हणाल्या, “कानोले... चांगले... मीठ... कमी.”

हर्षा खळखळून हसली. “मम्मीले सांगतो मी, काकूनं फेल केलं तुले.”

मग तिने आम्हाला समजावलं. मेंदूत शब्द जिथे असतात ते गाव जागेवरच आहे, फक्त रेल्वे फाटक बंद पडलं आहे. वंदना किंवा शिव्या या वर्षानुवर्षं तोंडात बसलेल्या असतात, त्या दुसऱ्याच रस्त्याने येतात, फाटकावर अडत नाहीत. नवं वाक्य, पुस्तकातली ओळ यांना फाटकावर थांबावंच लागतं. थांबू दिलं तर येतात. मधेच कोणी शब्द हातात दिला तर येत असलेला शब्दही मागे फिरतो. “लोगों को लगता है मदद कर रहे हैं,” ती म्हणाली, “पन काकूचा नंबर कटून जाते.”

हे मला फार पटलं. मी कमिटीशी बोललो आणि एका रविवारी हर्षाने विहारात सगळ्यांना हीच गोष्ट सांगितली. लोकांनी मनापासून ऐकलं, टाळ्या वाजवल्या, चहा दिला. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे सत्यशीलाबाईंशी थांबून-थांबून आणि मोठ्याने बोलू लागले. दुधाच्या बूथवर शेषराव भेटले तर ते म्हणाले, “ताई! जेव! न! झा! लं! का!”

बाई तिथेच उभ्या राहिल्या. फाटक उघडायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. मग त्या म्हणाल्या, “मी... बहिरी... नाही. तुमी.”

बूथवरची सगळी माणसं हसली. शेषरावही हसले, पण घरी जाताना कोणाशी बोलले नाहीत, असं मला दूधवाल्याने सांगितलं.

हर्षा क्लिनिकवरून परत आली की रोज बाईंकडे बसू लागली. फी द्यायचा विषय पंजाबरावाने काढला तेव्हा तिने त्यालाच काम लावलं: बायको बोलत असताना गप्प बसायचं. तिने बाईंना एक सुचवलं होतं. कोणी मधे बोललं की आपल्याला थांबवता आलं पाहिजे, आणि थांबवायला शब्द लागायला नको. कोणतीही खूण चालेल. पंजाबराव म्हणाला, “आमच्या मिलमध्ये असा हात करत.” त्याने हात समोर आडवा धरला, तळवा जमिनीकडे. “हा केला का क्रेन जागच्या जागी थांबे. करनारा साहेब असो का ठेक्याचा हेल्पर. कोनी बी करो, थांबाच लागे. नाही थांबला तं क्रेनवाल्याची सुट्टी.”

बाईंनी ते दोन-तीनदा करून पाहिलं. उजवा हात थरथरला, म्हणून डावा धरला.

भाद्रपदात रोहिणी नदीचा भाग जवळ आला. त्याच्या दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी सत्यशीलाबाई आणि पंजाबराव माझ्या घरी आले. बाई खुर्चीत टेकल्या. श्वास घेतला.

“मी... वाचीन. रोहिणी. एक...”

“एक पान?” पंजाबराव म्हणाला.

बाईंनी हात आडवा धरला. तो गप्प झाला.

“एक... परिच्छेद.”

पाणी शब्द अडतो आणि परिच्छेद निघतो, हे कसं होतं मला माहीत नाही. मी होकार दिला. पण अध्यक्षांना विचारणं भाग होतं.

शेषरावांनी साफ नकार दिला. त्यांचा विरोध रागातून नव्हता, हे मी जाणून होतो. “डोंगरे भाऊ, मागच्या बारीले काय झालं, पाहिलं ना? भरल्या पब्लिकमधून बाई उठून गेली. मले रातभर झोप नाही लागली. पुन्हा तसं नाही होऊ देणार मी. त्यापरीस ताईचा सत्कार करू. शाल देऊ.”

“त्यांनाच विचारा,” मी म्हटलं.

ते माझ्याबरोबर आले. बाई ओट्यावर पालक निवडत होत्या. शेषरावांनी शालीचं सांगितलं. बाईंनी पालक बाजूला ठेवला.

“शाल... नको.” पुढचा शब्द येईना तेव्हा शेषराव माझ्याकडे पाहू लागले, मी जमिनीकडे. “शाल... दिली... की... गप्प. बसवता.”

शेषरावांना नीट ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. ते म्हणाले, “काय म्हनलं?”

बाईंनी तेच वाक्य पुन्हा जमवलं. पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेषराव कान पुढे करून, अगदी वाकून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला “जोरात बोला” म्हटलं नाही.

“ठीक आहे जी,” ते शेवटी म्हणाले. “वाचा.”

त्या संध्याकाळी विहारात गर्दी होती. उत्सुकतेची गर्दी म्हणा ना. पंजाबराव आत आला, बाईंना चौरंगापाशी बसवलं आणि बाहेर चपलांजवळ जाऊन उभा राहिला. “आत असलो तं माह्या तोंडून निघून जाईन,” तो मला म्हणाला. हर्षा सिंधुताईशेजारी दाराजवळ बसली होती. शेषराव पहिल्या खुर्चीवर, मांडीवर स्वतःचं पुस्तक उघडून. मला त्या पुस्तकाचीच भीती वाटत होती.

बाईंनी सुरुवात केली. पहिलं वाक्य हळू, पण पूर्ण आलं. दुसऱ्यात त्या थांबल्या. समोर ग्राइंडर चालू होता. बोट शब्दावर होतं. मागे कोणीतरी खोकललं. आपल्याला शांतता किती जड जाते हे मला त्या दिवशी कळलं. मला तो शब्द येत होता, माझ्या बायकोला येत होता, शंभर माणसांच्या तोंडात तो तयार होता. शेषरावांचे ओठ उघडले.

“पा—”

बाईंचा डावा हात आडवा झाला, तळवा जमिनीकडे.

शेषराव थांबले. विचार करून थांबले असं म्हणता येणार नाही. त्यांचं अंगच थांबलं. जन्मभर जो हात पाहून थांबायचं आणि थांबवायचं, तो हात समोर होता. क्षणभराने ते खुर्चीत मागे वळले आणि त्यांनी आपला हात तसाच मागच्या लोकांसमोर आडवा धरला. खाली उभा असलेला माणूस वरच्याकडे सिग्नल पोचवतो, तसा तो सिग्नल त्यांनी मागे पोचवला. आमच्या विहारात निम्मे लोक प्लांटचे किंवा मिलचे. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

एका लहान मुलाने विचारलं, “क्या हुआ?” त्याच्या आजीने त्याला मांडीत ओढलं.

“पा... पा... नदी. नाही.” बाईंनी स्वतःच मान हलवली. घाम आला होता, तो पदराने पुसला. पुन्हा बोट टेकवलं. “पाणी.”

आणि त्या पुढे गेल्या.

परिच्छेद मोठा नव्हता. एरवी त्यांनी चहा निवायच्या आत वाचला असता. त्या दिवशी समोरच्या वेल्डरने दुकान बंद केलं, शटर ओढलं, तरी वाचन चालू होतं. मधे दोन-तीन लोक उठून गेले, हे खरं आहे. एकाची नाइट शिफ्ट होती, बाकीच्यांना दम निघाला नाही. एक शब्द बाईंना शेवटपर्यंत सापडला नाही. तो त्यांनी बोटाने दाखवला, ओलांडला आणि पुढचा घेतला. बाकी सगळं वाचलं. दोन्हीकडचे लोक पाण्यासाठी कसे काठ्या घेऊन निघाले, तेही वाचलं. त्यांच्या तोंडून ते तुटक-तुटक येत होतं, पण मला तरी वाटलं की त्या भांडणाच्या काठावर आपण पहिल्यांदाच इतका वेळ उभे आहोत.

शेवटच्या पूर्णविरामाला त्यांनी बोट उचललं. टाळ्या वाजवायला काही हात उठले होते, पण बाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. ग्रंथ उचलून त्यांनी पुढच्या वाचणाऱ्याच्या हातात दिला आणि जागेवरून न उठता तिथेच बाजूला सरकून बसल्या. पुढचा भाग नेहमीच्या वेगाने वाचला गेला. तो आम्हाला फारच वेगात वाटला.

वाचन संपल्यावर शेषरावांनी हर्षाला बाहेर गाठलं. त्यांना वाटलं, ते हळू बोलत आहेत. “बेटी,” ते म्हणाले आणि साऱ्या गल्लीने ऐकलं, “तुह्या क्लिनिकमध्ये कानाचं बी पाहते का?”

“पाहते ना काका. उद्याच या.”

“काय म्हनलं?”

पंजाबराव चपलांजवळून पुढे आला. बाईंना काठी देत त्याने एवढंच विचारलं, “झालं?”

“झालं,” त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सिंधुताई माझ्याकडे आली. सकाळी, बंगल्याचं काम आटोपून, पिशवी हातात.

“भाऊ, मले बी नंबर द्या जी.”

मी तिच्याकडे पाहत राहिलो. इतक्या वर्षांत ग्रंथ तिच्याकडे सरकवला की ती म्हणायची, आज चष्मा नाही आणला.

“चष्मा आणलास का?” मी विचारलं.

“मले चष्मा लागतच नाही जी. अक्षराले अक्षर जोडून वाचतो मी. साक्षरतेच्या वर्गात शिकली होती, पन एका ओळीले टाइम लागते. म्हटलं, तुमी लोक पुढे बसले, प्लांटवाले, आपन थांबत-थांबत वाचू तं लोक म्हनतीन, काय लावलं हिनं. आता त्या दिवशी सगळे थांबले ना. मंग म्हटलं, माह्यासाठी बी थांबतीन. दोनच ओळी द्या.”

मी तिला चार ओळी दिल्या. तिने ‘लय झालं’ म्हणून दोन परत केल्या.

त्या वर्षीच्या वर्षावासात तिच्यामागून आणखी तिघे आले, सगळे दाराजवळच्या सतरंजीवरचे. एक जण मिलमध्ये हात जळालेला, पान उलटायला त्याला त्रास व्हायचा. पान उलटून द्यायला शेजारी कोणीतरी बसायचं. वाचन रोज उशिरा संपू लागलं. खुर्च्यांवरून कुरकुरही झाली. शेषराव आता कानाला यंत्र लावून येतात आणि कुरकुर त्यांना नीट ऐकू येते.

सिंधुताईच्या दोन ओळी मला चांगल्या आठवतात. ती चौरंगापाशी बसली तेव्हा तिच्या बाजूला सत्यशीलाबाई होत्या. आता त्या तिथेच बसतात. पहिली ओळ सिंधुताईने जोडत-जोडत काढली. दुसरीत एका मोठ्या जोडाक्षरावर ती थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली. सत्यशीलाबाईंना तो शब्द दिसत होता. त्यांचे ओठ हलत होते, आणि त्या वेळी त्यांना तो येतही असावा. पण त्यांनी ओठ मिटून घेतले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सिंधुताईने शेवटी तो शब्द चुकीचा वाचला. कोणीही काही बोललं नाही. ती पुढे निघाली आणि ओळ संपवूनच थांबली.